मागे सरका, मागे जागा आहे

घरात तिला सगळे पुटपुट म्हणायचे. हे नाव लाडाने पडलेलं नव्हतं, तक्रार म्हणून पडलं होतं. बाकी घरादाराचे गळे असे की शेजारच्यांना गजराचं घड्याळ लागत नसे. बाबा भाजीबाजारात लिलाव पुकारायचे. पहाटे कोबीच्या ढिगावर चढून ते जो आवाज लावायचे, तो दुपारी घरी आल्यावर चपलांबरोबर दारात उतरवून ठेवायला त्यांना कधी जमलं नाही. जेवताना मीठ मागायचे तेसुद्धा बोली लावल्यासारखं. आई बालवाडीत शिकवायची, म्हणजे दिवसभर एवढ्या एवढ्या पोरांच्या कलकलाटावर स्वतःचा आवाज तरंगता ठेवायची. दादा बसचा कंडक्टर. आणि आत्याला एका कानाने ऐकू येत नसे. तो कान कोणता हे ती सोयीप्रमाणे बदलायची, त्यामुळे तिच्याशी दोन्ही बाजूंनी ओरडावं लागे.

अशा घरात पुटपुटने तोंड उघडलं की सगळे एका सुरात विचारायचे, "काय म्हणालीस?" विचारायचे अगदी मनापासून, त्यात खोट नव्हती. पण ती उत्तर देणार तोच बाबांना टोमॅटोचा पडलेला भाव आठवायचा, त्यावरून दादाला टोमॅटोची टोपली मांडीवर घेऊन बसलेला एक प्रवासी आठवायचा, आत्या विचारायची, "कोण बसलं?" आणि गाडी जी सुटायची ती पुटपुटच्या थांब्यावर परत म्हणून यायची नाही. शेवटी पोरीने बोलणं कमी केलं आणि बघणं वाढवलं. कोण चिडायच्या आधी पाण्याचा पेला सरकवतो, कोण खोटं बोलताना शेवटचा घास उगाच लांबवतो, हे तिला इतकं पाठ झालं की जेवणाची वेळ तिला नाटकासारखी वाटू लागली. फुकट तिकीट, पहिली रांग. शाळा संपेपर्यंत तिची खात्री पटली की आपण जन्मजात मुखदुर्बळ. मग अशा माणसाने करावं काय, तर मानसशास्त्र शिकावं आणि वसतिगृहात राहावं. ती एका बसच्या अंतरावरच्या महाविद्यालयात गेली. पहिल्या रात्री खोलीत इतकी शांतता होती की तिला झोपच लागली नाही.

पण मेसमध्ये तिला तिचं नाटक परत सापडलं. शेकडो मुलं, ताटं, रांगा! ती कोपऱ्यातल्या बाकावर बसून वाटाणे एकेक करून खायची आणि बघायची. हळूहळू तिला एक नाद लागला. इथे प्रत्येकाला मौजेचा म्हणून एक तरी खेळ घ्यावाच लागे. बक्षिसासाठी नाही, नुसता मन रमवायला. आणि पुटपुटच्या लक्षात आलं की रांगेतलं माणूस बघून त्याचा खेळ सांगता येतो. जो मागच्याशी गप्पा मारतामारता पुढच्याच्या ताटात डोकावतो, तो व्हॉलीबॉलवाला. जी "तू घे ना, तू घे ना" करत शेवटची फोड स्वतःच उचलते, ती बॅडमिंटनची, तीही दुहेरीतली. भाताचा डाव आपटून सगळ्यांना दचकवणारा तो गोळाफेक. आणि जो आपला चमचा घरून आणतो आणि परत जाताना पुसून खिशात ठेवतो, तो बुद्धिबळ खेळतो. यात दुमत असूच शकत नाही.

तिचे अंदाज बरोबर यायला लागले तसा बोभाटा झाला. मुलं तिच्या बाकापाशी येऊन आपलं ताट मुद्दाम हलवून दाखवायला लागली. "माझं सांग ना! मी काय खेळतो?" एकजण तर पाण्याचा पेला डोक्यावर ठेवून आला. ती पुटपुटली, "तू काहीच खेळत नाहीस, तू नुसता मैदानावर फोटो काढून घेतोस." ऐकायला सगळे पुढे वाकले होते, हसताना मागे पडले. पुटपुट त्या रात्री आनंदाने गादीवर लोळली. तिच्या आयुष्यात इतकी माणसं तिच्याकडे कान करून कधी वाकली नव्हती.

शेवटच्या वर्षाला प्रत्येकाला एक प्रकल्प करावा लागे. पुटपुटने विषय दिला: माणसाचा स्वभाव आणि त्याने निवडलेला खेळ. तिच्या मॅडमच्या नाकावर कधी माशी बसली नसेल. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला.

"आणि स्वभाव मोजणार कशाने? प्रश्नावली कुठाय?"

"प्रश्नावलीत सगळे खोटं लिहितात, मॅडम."

"काय म्हणालीस?"

पुटपुटने ओठ मिटले. हा प्रश्न तिला फार ओळखीचा होता. पण मॅडम वाट बघत राहिल्या, म्हणून तिने पुन्हा सांगितलं, "खोटं लिहितात. जेवताना मात्र कोणी खोटं जेवत नाही. भूक लागलेली असते."

मॅडमना हसू आलं असावं, पण त्यांनी ते खोकल्यात घालवलं. "हे बघ, तुझा हा मेसमधला ज्योतिषीपणा माझ्या कानावर आलाय. स्वभाव असा ओळखून चालत नाही, मोजावा लागतो. नाहीतर 'परीक्षेची भीती' हा विषय रिकामा आहे."

परीक्षेची भीती! त्या विषयाचं नाव काढलं की वर्गातल्या हुशार मुली पांढऱ्या पडायच्या. आधीच्या किती पिढ्यांनी तो केला होता याची गणती नव्हती. सगळ्यांचा निष्कर्ष एकच, की परीक्षेची भीती वाटते. कोणाला विषय सुचला नाही की मॅडम तो काढायच्या, पाहुण्यांची चादर काढावी तसा.

"मॅडम, नको," पुटपुट म्हणाली. "मी सिद्ध करून दाखवीन."

मॅडमनी तिला तिथल्या तिथे उठवलं आणि मेसमध्ये नेलं. जेवणाची वेळ उलटत आली होती. खिडकीपाशी एक उंच, किडकिडीत मुलगा एकटा जेवत होता. मॅडमनी नजरेनेच तो दाखवला. "हा. याचा खेळ सांग. येत्या रविवारी मैदानावर सगळे आपापला खेळ खेळतील, तेव्हा कळेलच. बरोबर आलं तर विषय तुझा. चुकलं तर परीक्षेची भीती."

पुटपुटला वाटलं, मॅडमनी पेपर फारच सोपा काढला. त्या मुलाने ताट उचललं तर ताटाला कळलं नसेल. चमचा ठेवायचा तर आधी बोट टेकवायचा आणि मग त्यावरून चमचा अलगद घसरू द्यायचा. खुर्ची सरकवायची तर दोन्ही हातांनी उचलून. वाटाणा खाली पडला, तर त्याने इकडेतिकडे अशी नजर टाकली जणू त्या आवाजाने कोणी जागं झालं असेल. एवढं शांत माणूस पुटपुटने फक्त आरशात पाहिलं होतं.

"पोहणं," ती म्हणाली. "एकट्याने, लांब पल्ल्याचं. पोहणं नसेल तर बुद्धिबळ. तेही नसेल तर माझं नाव बदला."

"एकच उत्तर."

"पोहणं. डोकं पाण्याखाली असलं की कोणी बोलायला लावत नाही." हे तिने इतक्या ठामपणे सांगितलं की आपण स्वतःविषयीच बोलतोय हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

रविवार उजाडला. त्या दिवशी महाविद्यालयाची दारं घरच्यांसाठी उघडी असत. सकाळी मौजेचे खेळ आणि दुपारी शेवटच्या वर्षाच्या मुलांनी घरच्यांसमोर आपापला विषय मांडायचा, अशी पद्धत होती. पुटपुटच्या घरचे सगळे येणार होते. म्हणजे तिचा विषय राहतो की जातो, हे आता बाबा, आई, दादा आणि आत्याच्या दोन्ही कानांसमोर ठरणार होतं. ती पोहण्याच्या तलावाकडे निघाली.

तलावात बरीच डोकी होती. ती काठाने फिरत प्रत्येक डोकं वर येण्याची वाट बघत राहिली. एक वर आलं, ते हसून म्हणालं, "माझं सांग ना, मी काय खेळतो?" "पोहतोस," ती वैतागून म्हणाली. खिडकीवाला मात्र तिथे नव्हता. ती बुद्धिबळाच्या खोलीत धावली. तिथे पुसलेले चमचे खिशात ठेवणारे सगळे हजर होते, तो नव्हता. टेबल टेनिस? नाही. तिरंदाजी? नाही. लांब पल्ल्याच्या धावण्यात एक किडकिडीत पाठ दिसली म्हणून ती अर्धी फेरी मागे पळाली, तर ते ग्रंथपाल निघाले. त्यांनी तिला पाणी पाजलं.

पेला तोंडाला लावलेला असतानाच तो आवाज आला.

आवाज कसला, तोफच. लांबच्या मैदानावरून, झाडांवरून, इमारतीला वळसा घालून आला आणि पेल्यातलं पाणी थरथरलं. "हो-ओ-ओ-ढ!" पुटपुटच्या घरात असले आवाज पोत्याने होते, तरी ती दचकली. कानठळ्या बसवणारा हा गळा कोणाचा असेल, म्हणून ती बघायला गेली.

रस्सीखेच चालू होती. दोन्हीकडे आठ आठ जण दोराला लटकलेले. इथल्या रस्सीखेचीची एक जुनी रीत होती. प्रत्येक बाजूला एक हाक्या असे. तो दोराला हात लावायचा नाही, नुसता बाजूने चालत हाक द्यायचा आणि त्याच्या हाकेवर आठही जणांनी एका दमात ओढायचं. आणि या बाजूचा हाक्या होता तो खिडकीतला मुलगा! शर्टाच्या बाह्या वर, मानेच्या शिरा तट्ट फुगलेल्या. एक हात आकाशात आणि तोंड एवढं उघडं की आतला पडजिभेचा नाच लांबून दिसावा.

"पाय रोवा रे! हो-ओ-ढ! काय झोपलात काय! हो-ओ-ढ!"

चमच्याखाली बोट ठेवणारा तो हाच. पुटपुटच्या डोळ्यांसमोर तिचा विषय दोराला बांधून कोणी फरफटत नेतोय असं तिला दिसलं. परीक्षेची भीती तिच्या अंगावर पाहुण्यांच्या चादरीसारखी पडायला लागली. आणि तरीही, तिची तिलाच लाज वाटली, पण तिला हसू फुटलं. असं पोटातून, थांबवता न येणारं. इतकं चुकीचं उत्तर तिने जन्मात दिलं नव्हतं!

पहिली ओढ संपली तसा तो मटकन गवतावर बसला. ती थेट त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"तू असा का नाहीस?"

"कसा?" तो कुजबुजला. जवळून तो परत खिडकीवालाच झाला होता.

"मेसमध्ये असतोस तसा. मी तुझ्यावर माझं सगळं लावून बसलेय! तू पोहायला हवं होतंस!"

त्याने बाटलीचं झाकण आवाज न करता उघडलं. "मला पोहता येत नाही. बुडायची भीती वाटते." घोटभर पाणी पिऊन तो सांगू लागला, "आमच्या घरी एकच खोली आहे. बाबांची कायम रात्रपाळी. ते दिवसभर झोपलेले. मी लहानपणापासून घरात बोललोच नाही गं. रडायचो तेही उशीत तोंड घालून. ताट वाजलं की आई नुसती बघायची, त्यातच सगळं आलं. इथे आलो, पहिल्यांदा रस्सीखेच बघितली, आणि कोणीतरी म्हणालं, ओरडशील का? ओरडशील का म्हणे! मला कोणी आयुष्यात हे विचारलं नव्हतं." तो लाजून हसला. "त्या दिवशी मी दोन वेळचं जेवण एकदम जेवलो."

ज्याला घरी आवाजाला जागा नव्हती, त्याने खेळात आवाज शोधला होता. म्हणजे मेसमध्ये ती जे बघत होती ते त्याच्या घरचं वळण होतं, आणि त्यालाच ती त्याचा स्वभाव समजून बसली होती. तिच्या डोक्यात काहीतरी कुलपासारखं खुट्ट झालं. पण त्यातलं काही हाती लागेपर्यंत खेळाच्या सरांनी शिट्टी फुंकली आणि भोंग्यातून ओरडून सांगितलं, "शेवटची ओढ! नियम ऐका! हाक्या दोराला हात लावणार नाही! हाक्याची हाक तुटली, तर दोर सोडायचा नाही. हाक्याला जो सगळ्यात जवळ उभा असेल त्याने हाक उचलायची. मग तो कोणीही असो!"

नियम सगळ्यांना पाठ होता. त्याचा उपयोग कधी झाल्याचं कोणाला आठवत नव्हतं. पुटपुटने तर तो ऐकलाच नाही. ती त्या मुलाच्या बाजूबाजूने, त्याच्या गळ्याकडे बघत, हातभर अंतरावरून चालत होती. इतक्या जवळून बघायची गोष्ट तिला आजवर मिळाली नव्हती.

तेवढ्यात मैदानाच्या दारातून तिच्या घरचे आत आले. ते दिसायच्या आधी ऐकू आले. "कुठाय आपली पोर?" "पोहायला गेली असेल!" "कोण बुडालं?" "आत्या, कोणी नाही बुडालं!"

दोर ताणला गेला. समोरची बाजू जड होती. गोळाफेकवाले सगळे तिकडे होते. मधला रुमाल एक बोट इकडे, दोन बोटं तिकडे. खिडकीवाला ओरडत होता, जीव तोडून. "पाय रोवा! हो-ओ-ढ! हो-ओ..." आणि तिथे त्याचा आवाज फाटला. फाटला, किरकिरला, आणि बंद. त्याने तोंड उघडलं, गळ्याला हात लावला, नुसती हवा. दोरावरच्या आठही जणांनी लाल तोंडं वळवून त्याच्याकडे पाहिलं. रुमाल सरकायला लागला. खिडकीवाल्याने आजूबाजूला बघितलं आणि त्याची नजर हातभर अंतरावरच्या पुटपुटवर थांबली.

"मी नाही," ती पुटपुटली. "मला येत नाही. माझा स्वभावच नाही!"

"काय म्हणालीस?" दोरावरचे आठ जण कण्हत ओरडले.

आणि हा प्रश्न विचारून एवढ्या सगळ्यांपैकी कोणीही दुसऱ्या विषयावर गेलं नाही. जाणार कुठे? हात दोराला चिकटलेले. ते तिच्याकडे बघत राहिले, रुमाल सरकत राहिला, आणि पुटपुटने डोळे मिटून तोंड उघडलं. तिला वाटलं, आतून काहीतरी चिवचिव येईल. जे आलं ते तिच्या बापाचं होतं.

"बो-ला-आ-आ! एक वार!"

मैदान हादरलं. झाडावरचे पक्षी उडाले. स्वतः पुटपुटने डोळे उघडून मागे बघितलं, कोण ओरडलं म्हणून. पण आठही जणांनी दचकून एकदम ओढलं होतं, आणि रुमाल थांबला होता.

"दोन वार! पडू देऊ नका भाव! उचला, उचला, उचला!" आता तिला सापडलंच. इतकी वर्षं तिच्या कानांत साठवलेलं सगळं एकदम दाराशी आलं, गर्दी करून. "पाय कुठे आहेत आपले?" हा आईचा सूर. आणि आठ दाढीमिशावाल्यांनी बालवाडीतल्यासारखं एका सुरात उत्तर दिलं, "जमिनीवर!" "चिकटवा बघू!" त्यांनी चिकटवले. "शाबास! आता मागे सरका! चला, मागे सरका, मागे जागा आहे! मध्ये उभे राहू नका! मागची जागा रिकामी आहे, काका, सरका!"

दादा रोज बसमध्ये लोकांना पुढे सरकवायचा. त्याच्या बहिणीने सोळा हातांना मागे सरकवलं. समोरचे गोळाफेकवाले आधी गोंधळले, मग त्यातला एकजण हसला. हसू वाईट असतं, ते दोरावरून सरकतं. दुसरा हसला, तिसऱ्याचे गुडघे गेले, आणि पुटपुट कंबर वाकवून, मुठी आवळून, अख्ख्या जगाला ऐकू जाईल असं गरजली, "मागे जागा आहे! मागे जागा आहे! तीन वा-आ-आ-र!"

रुमाल रेघेच्या अलीकडे आला तसे आठ जण मागे कोसळले, एकमेकांच्या मांडीवर, पोटावर. समोरचे तोंडावर पडून हसत होते. आणि गर्दीतून, सवयीने, एक गडगडाटी आवाज आला, "दिला माल!" तो बाबांचा होता. ते टाचा उंचावून मैदानाकडे बघत होते. "काय गळा आहे! अहो, कोणाची पोर आहे ही? हिला उद्यापासून बाजारात उभी करतो मी!"

"तुमची," आई म्हणाली.

"काय म्हणालीस?"

"अहो, तुमची पोर आहे ती! पुटपुट!"

बाबांनी तोंड उघडलं. पण त्यांना त्या क्षणी कुठल्याच भाजीचा भाव आठवला नाही.

पुटपुटला मात्र तोवर खांद्यावर उचलून मैदानभर फिरवत होते. ती "सोडा, सोडा" म्हणत होती आणि कोणालाच ते ऐकू येत नव्हतं, कारण आवाज कुठे शिल्लक होता? गळ्यात नुसती वाळू. खाली उतरली तेव्हा तिच्या समोर मॅडम उभ्या होत्या. त्यांच्या शेजारी खिडकीवाला, मान खाली घालून, जणू सगळा गुन्हा त्याचाच.

"पोहणं, नाही का?" मॅडम म्हणाल्या.

पुटपुटने मान हलवली. हरलेपण इतकं गुदगुल्या करणारं असतं हे तिला माहीत नव्हतं. तिने खुणेने सांगितलं: दुपारी, मला, उभं राहू द्या. मॅडमनी चष्मा वर केला, खाली केला, आणि मान डोलावली.

दुपारी वर्ग भरला होता. इतरांचे विषय मांडून झाले. तिघी परीक्षेची भीती वाटते असं सिद्ध करणार होत्या. मग पुटपुट उठून फळ्यापाशी गेली. पहिल्या रांगेत तिचं घर बसलं होतं आणि वर्गाच्या भिंती त्यांच्या गप्पांनी आधीच दुखावल्या होत्या. खिडकीवाला गरम पाण्याने गळा शेकून थोडा सुधारला होता. तो पुढे आला आणि म्हणाला, "ती मला सांगेल, मी मोठ्याने सांगतो." पुटपुटने त्याच्याकडे पाहिलं, मग पहिल्या रांगेकडे पाहिलं, आणि त्याला हाताने थांबवलं. तिने तोंड उघडलं. खसखसल्यासारखं काहीतरी निघालं.

"काय म्हणालीस?" सगळे एका सुरात म्हणाले. दादाने लगेच आत्याकडे वळून सुरुवात केली, "अगं, आज बसमध्ये एक जण..."

"गप्प बस!" बाबा म्हणाले. आणि मग, आपला आवाज ऐकून स्वतःच दचकल्यासारखं, ओठावर बोट ठेवून अगदी हळू म्हणाले, "गप्प बस. ती बोलतेय."

दादा गप्प बसला. आई बसली. आत्याने एकदा डावा, एकदा उजवा कान पुढे केला, आणि कुठल्याही कानाची तक्रार न करता पुढे वाकली. ज्या घरात झोपेतसुद्धा कोणी ना कोणी बोलत असे, ते अख्खं घर श्वास धरून बसलं. पुटपुटला ते बघून भरून आलं. मग ती बोलली, घोगऱ्या, फाटक्या आवाजात, आणि वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत ते ऐकू गेलं, कारण मधे दुसरा आवाजच नव्हता.

"मी चुकले," ती म्हणाली. "मी मेसमध्ये बघून खेळ सांगायचे. पण जेवताना माणूस घरी असतो तसा असतो. घरी जेवढी जागा मिळते तेवढाच तो दिसतो. आणि उरलेला..." तिने खिडकीवाल्याकडे बोट केलं, मग ते वळवून स्वतःच्या छातीला लावलं. "उरलेला माणूस मैदानावर जातो. मला वाटतं, काहीजण स्वभावासारखा खेळ निवडतात. आणि काहीजण स्वभावाला जागा मिळावी म्हणून निवडतात. कोण कोणता, ते मला शोधायचंय."

"दोन माणसांवरून सिद्धांत होत नाही," मॅडम म्हणाल्या.

"म्हणून तर विषय हवाय, मॅडम."

वर्गात कोणीतरी हसलं. मॅडमनी हसू खोकल्यात घालवायचा प्रयत्न केला, पण या वेळी खोकला वेळेवर आला नाही. "मेसमध्ये बसून चालणार नाही. प्रत्येकाच्या घरच्यांशी बोलावं लागेल. प्रश्नावलीही लागेल."

"करीन."

"आणि मी कुठला खेळ खेळत असेन? सांग बघू."

पुटपुटने त्यांच्याकडे नीट बघितलं. सवयीने उत्तर जिभेवर आलं होतं. तिने ते गिळलं. "एकदा तुमच्या घरी जेवायला यावं लागेल."

मॅडमनी चष्मा पुसला. "ये," त्या म्हणाल्या. "विषय तुझा."

मग जो गलका झाला त्यात रस्सीखेचीचे आठ जण बाकांवर उभे राहिले, आणि दादाने सगळ्यांना पुढे सरकायला सांगितलं. संध्याकाळी घरचे परत निघाले तेव्हा थांब्यावर उभे असताना पुटपुट काहीतरी पुटपुटली. गळा आता पुरताच बसला होता.

"काय म्हणालीस?" बाबांनी विचारलं.

बस आली. दार उघडलं. चढायची घाई झाली, कोणीतरी "चला, चला" म्हणालं. बाबा चढले नाहीत. ते कान तिच्या तोंडाजवळ नेऊन, खाली वाकून, उत्तराची वाट बघत उभे राहिले.